डोळ्याला लावायची क्ष-किरणांची पेटी

अमरावतीत ऑटोवाल्याला ‘जिल्हा सामान्य रुग्णालयात जायचंय’ असं सांगितलं, तर तो क्षणभर मागे वळून बघतो. ‘इर्विन’ म्हटलं की गाडी सुरू. बाळंतिणीला न्यायचं असेल तर ‘डफरिन’. अकोल्यात त्याच कामासाठी ‘लेडी हार्डिंग’. साहेब गेले, त्यांचं राज्य गेलं, पण वऱ्हाडाने दवाखान्यांची नावं तोंडात तशीच ठेवली. ही तीन नावं काळाच्या क्रमाने लावली, तर एक गंमत दिसते. लॉर्ड डफरिन व्हाइसरॉय होते १८८४ ते १८८८, हार्डिंग १९१० ते १९१६ आणि आयर्विन १९२६ ते १९३१. डफरिनच्या काळात जिवंत माणसाचं हाड कातडी न कापता पाहण्याची सोय जगात कुठेच नव्हती. हार्डिंगच्या काळात डॉक्टर एक पेटी डोळ्यांना लावून ते पाहत होते. आयर्विन आले तोवर हातातली पेटी मागे पडून जागेवर पक्की बसवलेली यंत्रं आली होती, आणि ती पेटी वापरणाऱ्यांपैकी कित्येकांनी बोटं, हात, काहींनी जीवही गमावला होता.

या पेटीला फ्लुओरोस्कोप म्हणत. सुरुवातीच्या काळात क्रिप्टोस्कोप आणि स्कियास्कोप अशीही नावं चालत. जुन्या वाड्यांमधून दोन भिंगांची, हातात धरून चित्रं बघायची सैरबीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आकार लगेच कळेल: डोळ्यांकडे निमुळती, पुढे रुंद होत गेलेली लाकडाची किंवा जाड पुठ्ठ्याची पेटी, खाली मूठ. डोळ्यांकडच्या कडेला मखमल किंवा मऊ कातडं लावलेलं, म्हणजे कपाळ आणि गाल घट्ट टेकले की बाहेरचा उजेड आत शिरत नाही. आतून सगळी काळी. रुंद टोकाला काच नाही, भिंगही नाही. तिथे एक पडदा, आणि त्याच्या आतल्या बाजूला विशिष्ट क्षाराच्या बारीक स्फटिकांचा लेप. क्ष-किरण पडले की हे स्फटिक चमकतात. किरण सोडणारी नळी आणि पेटी यांच्यामध्ये रुग्णाचा हात धरला की हाडं किरण अडवतात, मांस ते बरेचसे जाऊ देतं, आणि चमकणाऱ्या पडद्यावर हाडांची सावली उमटते.

सावली काळी असते, हे लक्षात ठेवायला हवं. एक्स-रेच्या फिल्मवर आपल्याला हाडं पांढरी दिसतात, कारण फिल्म ही निगेटिव्ह असते. जिथे किरण पोचले तिथे ती काळी पडते. फ्लुओरोस्कोपमध्ये नेमकं उलट. हिरवट किंवा निळसर उजेडात काळी बोटं, आणि ती हलत असायची. रुग्णाने मूठ वळली की सांधे वळताना दिसायचे. छातीवर पेटी धरली तर हृदय धडधडताना आणि श्वासाबरोबर श्वासपटल खालीवर होताना दिसायचं. फोटोला हे जमत नव्हतं. तेव्हाच्या काचेच्या प्लेटवर नुसत्या हाताचं चित्र उतरायलाही काही मिनिटं लागत, कंबर किंवा छाती असेल तर त्याहून कितीतरी जास्त, आणि वर प्लेट धुण्याचा वेळ वेगळा. पेटीत मात्र जे होतं ते तिथल्या तिथे दिसायचं.

त्याआधीचा काळ आठवला, तर या घाईचं कारण समजतं. हाड मोडलंय की नुसतं मुरगळलंय हे ठरवायचं साधन म्हणजे वैद्याची बोटं. गावोगावचे हाडवैद्य दाबून, हलवून, मोडक्या टोकांची करकर ऐकून निदान करत, आणि इंग्रज सर्जन त्याहून फार वेगळं काही करत होता असं नाही. गोळी लागलेल्या सैनिकाच्या जखमेत सळई घालून गोळी चाचपायची, हीच रीत. सळई स्वच्छ असेलच असं नाही. वेदना तर होत्याच, पण कितीदा गोळीपेक्षा सळईच जास्त घात करून जायची.

जर्मनीतल्या वुर्झबुर्ग इथे विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी हे किरण सापडले, हे शाळेच्या पुस्तकात असतं. पुस्तकात त्यांच्या पत्नीच्या हाताचा, अंगठी दिसणारा फोटोही असतो, त्यामुळे शोध फोटोतून लागला असा समज होतो. शोध लागला तो पडद्यामुळे. काळ्या कागदात पूर्ण गुंडाळलेली नळी चालू होती आणि जवळच ठेवलेला बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप असलेला पुठ्ठा अंधारात चमकू लागला. पत्नीच्या हाताचा फोटो २२ डिसेंबरचा, म्हणजे सहा आठवड्यांनंतरचा. थोडक्यात, माणसाने क्ष-किरण आधी पडद्यावर पाहिले आणि मग प्लेटवर उतरवले. फ्लुओरोस्कोप म्हणजे तोच पडदा, पेटीत बंद करून हातात दिलेला.

२८ डिसेंबरला राँटगेन यांनी निबंध सादर केला आणि नवीन वर्षात जगभरच्या प्रयोगशाळांमधून धांदल उडाली. लागणारं सामान बहुतेक ठिकाणी आधीपासूनच होतं: निर्वात नळी आणि विजेचा दाब वाढवणारं रुमकॉर्फचं वेटोळं. फेब्रुवारी १८९६ मध्ये इटलीतल्या पेरुजा इथे एन्रिको साल्व्हिओनी यांनी डोळ्याला लावायचं पुठ्ठ्याचं नळकांडं तयार केलं. क्रिप्टोस्कोप हे नाव त्यांचं. अमेरिकेत प्रिन्स्टनचे विल्यम मॅगी यांनी जवळपास त्याच वेळी तसंच उपकरण केलं. थॉमस एडिसन यांनी मात्र त्याचा कारखानाच काढला. त्यांच्या माणसांनी शेकड्यांनी क्षार तपासले आणि कॅल्शियम टंगस्टेटचे स्फटिक जास्त उजळ चमकतात, असा निष्कर्ष मार्चमध्ये काढला. त्यात प्लॅटिनम नव्हतं, म्हणून पडदा स्वस्तही पडायचा. एडिसन हा पेटंटांच्या बाबतीत हात आखडता घेणारा माणूस नव्हे. तरीही फ्लुओरोस्कोपचं पेटंट त्यांनी घेतलं नाही, आणि पेटी झपाट्याने पसरण्याचं ते एक कारण ठरलं.

मे १८९६ मध्ये न्यूयॉर्कच्या विद्युत प्रदर्शनात एडिसन यांनी ही सोय लोकांसाठी खुली केली. रांगेत उभं राहायचं, अंधाऱ्या खोलीत जायचं, हात पुढे करायचा आणि स्वतःचाच सापळा बघून बाहेर यायचं. दोनच महिन्यांनी, ७ जुलैला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. सिनेमा आणि क्ष-किरण ही दोन्ही एकाच हंगामातली तमाशाची चीज होती, आणि युरोप-अमेरिकेच्या जत्रांमध्ये दोन्ही शेजारी शेजारी नांदली. सिनेमाने पुढे तंबू सोडून थिएटर गाठलं. क्ष-किरणांचा खेळ का बंद झाला, ते पुढे येईलच.

त्या वर्षी वऱ्हाडाचं लक्ष दुसरीकडे होतं. १८९६ चा पाऊस दगा देऊन गेला, मुंबईत प्लेग शिरला. पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचं तेरावं अधिवेशन अमरावतीत भरलं. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. दुष्काळ, प्लेग, आणि टिळकांना झालेली राजद्रोहाची शिक्षा, सगळंच ताजं होतं. सरकार सरहद्दीवरच्या लढायांवर पैसा उधळतं, ही त्या वर्षांतली नेहमीची तक्रार. योगायोग असा की, हिंदुस्थानी उपखंडात क्ष-किरणांचा पहिला मोठा वैद्यकीय वापर नेमका त्याच सरहद्दीवरच्या लढाईत, त्याच महिन्यांत चालला होता.

वायव्य सरहद्दीवर आफ्रिदींविरुद्धची ती तिराहची मोहीम. सर्जन-मेजर वॉल्टर बीव्हर यांनी क्ष-किरणांचं यंत्र सोबत नेलं होतं. लष्कराने दिलेलं नव्हे, स्वतः मिळवलेलं. डोंगरी वाटा, बॅटऱ्या, काचेच्या नळ्या, आणि वर गोळीबार. तरी त्यांनी दोनशेहून अधिक जखमी तपासले. जनरल वुडहाउस यांच्या पायात रुतलेली गोळी याच यंत्राने शोधली. लंडनला परतल्यावर १८९८ मध्ये त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांसमोर व्याख्यान दिलं आणि मुद्दा ठासून मांडला: सळई घालणं सोडा, आधी बघा. रणभूमीवर पडद्याचा फायदा उघडच होता. प्लेट धुवायला पाणी, अंधारी खोली आणि फुरसत लागते. पडद्याला एक जाड कांबळं पुरतं.

त्याच वर्षी सुदानमध्ये सर्जन-मेजर बॅटर्सबी यांना वेगळाच शत्रू भेटला, ऊन. वाळवंटातून रेल्वेने यंत्र नेताना पेट्यांवर जाड फेल्ट गुंडाळून ते सतत ओलं ठेवलं गेलं. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणाऱ्या वऱ्हाडी घरांना हा उपाय समजावून सांगायची गरज नाही. वीज करायची कशी, तर दोन माणसांची सायकल जागेवर बसवून, तिचं मागचं चाक डायनामोला जोडून. सैनिक पायडल मारायचे, बॅटरी भरायची, मग डॉक्टर बघायचे.

उष्ण मुलखात या उपकरणाची दुखणी वेगळीच असत. बेरियम प्लॅटिनोसायनाइडच्या स्फटिकांमध्ये पाणी बांधलेलं असतं. उन्हाने किंवा किरणांच्या माऱ्याने ते पाणी निघून गेलं की पिवळट-हिरवा पडदा तपकिरी पडतो आणि मंद चमकू लागतो. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेल्यावर, असा पडदा किती दिवस धड राहिला असता याचा अंदाज कुणीही करावा. हाताने चाक फिरवून वीज करणारी विमशर्स्ट यंत्रं त्या काळी लोकप्रिय होती, कारण त्यांना बॅटरी लागत नसे. पण पावसाळ्यातल्या दमट हवेत ती वीज धरूनच ठेवत नाहीत. म्हणजे उन्हाळ्यात पडदा जातो आणि पावसाळ्यात यंत्र रुसतं. हिंदुस्थानात क्ष-किरणांचं काम करायचं तर इथल्या हवेला पुरून उरेल अशी माणसं आणि सामान हवं, हे सरकारच्याही लक्षात आलं. देहरादूनला थंड हवेत क्ष-किरण संस्था निघाली. तिचे प्रमुख कॅप्टन ए. ई. वॉल्टर यांचं सामान्य डॉक्टरांसाठीचं हस्तपुस्तक १९०६ मध्ये छापलं गेलं.

लष्कराबाहेर कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी स्वतःचं यंत्र जुळवलं होतं. ते रेडिओ लहरींवर काम करणारे. क्ष-किरण त्यांच्या मुख्य वाटेवरचे नव्हते. पण शहरातले डॉक्टर रुग्ण पाठवू लागले. बोस यांनी रवींद्रनाथांना लिहिलेल्या एका पत्रात, पाठीचं हाड मोडलेल्या माणसाला तपासायचं असल्याने आपल्याला बाहेर पडता येत नाही, अशा अर्थाचा मजकूर आहे. 

आता अंधाराविषयी. पडद्याचा उजेड इतका क्षीण असायचा की, उजेडातून आलेल्या माणसाला पेटीत काहीच दिसत नसे. डोळ्याच्या पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. रंग आणि बारकावे बघणाऱ्या शंकुपेशी भरपूर उजेड मागतात. मंद उजेडात काम करतात त्या दंडपेशी, आणि त्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. म्हणून डॉक्टर तपासणीआधी अंधाऱ्या खोलीत नुसते बसून राहत. बाहेर वैशाखाचं डोळे दिपवणारं ऊन असताना आत येणाऱ्याला आणखी वेळ. एखाद्या तातडीच्या रुग्णासाठी दार उघडलं की सगळी बैठक वाया. १९१६ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म ट्रेंडेलेनबुर्ग यांनी यावर सोपी तोड काढली: लाल काचांचा चष्मा. दंडपेशींना लाल उजेड जवळजवळ जाणवतच नाही, त्यामुळे हा चष्मा लावून माणूस उजेडात फिरला, चिठ्ठ्या लिहिल्या, चहा प्याला, तरी दंडपेशी अंधारातच असतात. भर दिवसा लाल गॉगल लावून वॉर्डात फिरणारा डॉक्टर हे पुढची तीस-चाळीस वर्षं जगभर नेहमीचं दृश्य होतं, आणि त्यात ऐटीचा भाग मुळीच नव्हता.

या पेटीचा खरा दोष तिच्या रचनेतच होता. पाहणाऱ्याचा चेहरा थेट नळीसमोर. किरण रुग्णाच्या हातातून निघून पडद्यावर आदळायचे आणि जे पडद्यात थांबले नाहीत ते सरळ डॉक्टरच्या डोळ्यांत, कपाळात. रुग्ण पाच मिनिटांनी घरी जायचा. डॉक्टर दुसऱ्या रुग्णासाठी तिथेच.

त्याहून वाईट होती ती नळी पारखायची पद्धत. त्या काळच्या नळ्यांमध्ये थोडा वायू मुद्दाम ठेवलेला असे, आणि वापरता वापरता त्याचा दाब बदलायचा. दाब कमी झाला की किरण जास्त भेदक, इतके की हाडही फिकं दिसायचं. दाब वाढला की ते मांसातूनही नीट जायचे नाहीत. आज नळी कशी आहे, हे रोज नव्याने पाहावं लागे. आणि पाहायचं कशावर? सगळ्यात जवळची, फुकटची आणि नेहमी तयार असलेली वस्तू म्हणजे स्वतःचा डावा हात. उजव्या हातात पेटीची मूठ, डावा हात नळीसमोर, बोटांची हाडं हवी तशी दिसेपर्यंत यंत्राशी खटपट. दिवसातून कितीतरी वेळा, वर्षानुवर्षं.

एडिसनच्या कारखान्यात हे काम क्लॅरेन्स डॅली यांच्याकडे होतं. काच फुंकून नळ्या घडवणारा हा कसबी माणूस नळ्या तपासायला स्वतःचे हात वापरायचा. आधी हाताची कातडी लाल झाली, केस गळले, मग न भरणाऱ्या जखमा, मग कर्करोग. डावा हात कापला, पुढे उजवाही. १९०४ मध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी डॅली वारले. एडिसन यांनी त्याआधीच क्ष-किरणांचं काम बंद केलं होतं. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांनाही त्रास झाला होता. बर्मिंगहॅमच्या जॉन हॉल-एडवर्ड्स यांनी वैद्यकीय क्ष-किरणांचं काम अगदी जानेवारी १८९६ पासून केलं होतं. त्यांचा डावा हात १९०८ मध्ये कापावा लागला. फिलाडेल्फियाचे मिहरान कसाबियन यांनी स्वतःच्या सडत जाणाऱ्या हातांचे फोटो काढून ठेवले आणि १९१० मध्ये तेही गेले. हॅम्बुर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात १९३६ मध्ये अशा मृतांचा एक दगडी स्तंभ उभारला गेला. पहिल्यांदा त्यावर १६९ नावं कोरली होती. पुढे ती वाढत जाऊन साडेतीनशेच्या वर गेली.

त्या काळी कुणाला कळतच नव्हतं, अशी सबब यावर नेहमी दिली जाते. ती पूर्ण खरी नाही. अमेरिकेत एलिहू थॉमसन यांनी १८९६ मध्येच आपली करंगळी मुद्दाम किरणांसमोर धरून भाजल्याचं नोंदवलं होतं. बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी गिनीपिगांवर प्रयोग करून १९०१ मध्ये छापलं की, हे किरण जीव घेऊ शकतात. नळी शिशाच्या पेटीत बंद करा, किरणांची तिरीप हवी तेवढीच सोडा, पडद्यामागे शिशाची काच बसवा, असं ते सांगत राहिले. फारसं कुणी ऐकलं नाही. ज्यांनी ऐकलं त्यात त्यांचे नातलग डॉ. फ्रान्सिस विल्यम्स होते. विल्यम्स यांनी हजारो छात्या फ्लुओरोस्कोपने तपासल्या, क्षयात श्वासपटलाची हालचाल एका बाजूला आखडते हे लक्षणही त्यांनीच नोंदवलं, आणि चौऱ्याऐंशी वर्षांचं धडधाकट आयुष्य जगून ते १९३६ मध्ये गेले. हॅम्बुर्गचा स्तंभ उभारला गेला तेच वर्ष. काम तेच, पडदाही तोच. फरक शिशाचा आणि शहाणपणाचा. रोलिन्स यांचं आणखी एक उपकरण सांगायलाच हवं: फ्लुओरोस्कोप आणि स्टेथोस्कोप एकत्र करून त्यांनी हृदय पाहायची आणि ऐकायची एकच पेटी बनवली होती. ती चालली नाही, पण कल्पना झकास होती.

१९१३ मध्ये विल्यम कूलिज यांची तापलेल्या तारेची नळी आली. तिची भेदकता हवी तशी ठरवता येऊ लागली आणि स्वतःचा हात घालून पारखण्याची गरज संपली. पडदे मोठे झाले, उभ्या चौकटीत बसले, त्यांच्यापुढे शिशाची काच आली, डॉक्टरांच्या अंगावर शिशाचा एप्रन आला. हातातली पेटी कपाटात गेली. किरणांच्या वाटेतून डॉक्टर मात्र अजून पूर्ण बाजूला झाला नव्हता. चप्पल-बुटांच्या दुकानांतही ही यंत्रं शिरली. इंग्लंड-अमेरिकेत १९५० च्या दशकापर्यंत लहान मुलं खोक्यात पाय घालून नव्या बुटात आपली बोटं बघत, आणि शेजारी आई व दुकानदार वेगवेगळ्या भोकांतून डोकावत. मुलाला बूट नीट बसतोय की नाही, एवढं कळण्यासाठी.

वऱ्हाडातल्या आजच्या म्हाताऱ्यांना ‘स्क्रीनिंग’ हा शब्द आठवत असेल. खोकला हटत नाही म्हटलं की डॉक्टर अंधाऱ्या खोलीत उभं करायचे, छाती पडद्याला टेकवायला लावायचे आणि पलीकडून बघायचे. फिल्मचा खर्च नाही, निकाल लगेच. क्षयाच्या उपचारात तर हे पुन्हा पुन्हा व्हायचं. औषधं निघण्याआधी रोगट फुफ्फुसाभोवती हवा भरून ते मिटवत, आणि प्रत्येक वेळी ते किती मिटलंय हे पडद्यावर तपासत. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचे डॉ. इयन मॅकेन्झी यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं की, अशी वारंवार तपासणी झालेल्या स्त्रियांमध्ये पुढे स्तनाचा कर्करोग जास्त आढळतो. तोवर भारतात पद्धत बदलू लागली होती. १९५५ ते १९५८ च्या राष्ट्रीय क्षय सर्वेक्षणात छोट्या फिल्मवर छातीचे फोटो घेतले गेले, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर जिल्हा क्षयरोग केंद्रांना असे छोट्या फिल्मचे कॅमेरे मिळाले. पाहायचं ते नंतर, निवांत, किरण बंद असताना.

हलतं चित्र बघायची गरज मात्र संपली नाही. १९५० च्या दशकात प्रतिमा तेजस्वी करणाऱ्या नळ्या आल्या. पडद्याचा मंद उजेड हजारो पटींनी वाढवून टीव्हीवर दाखवता येऊ लागला. लाल चष्मे गेले, अंधाऱ्या खोल्या गेल्या. आज अमरावती-अकोल्यातल्या कुठल्याही हाडांच्या दवाखान्यात नातेवाईकांना सांगितलं जातं, ‘सी-आर्मखाली ऑपरेशन करू.’ तो सी-आर्म म्हणजे फ्लुओरोस्कोपच. मोडलेल्या मांडीत सळई घालताना सर्जन ती हाडात कुठे चाललीय ते स्क्रीनवर बघतो. बीव्हर यांना ज्या सळईची चीड होती, ती आता नजरेखाली आत जाते.

कुणाच्या जुन्या दवाखान्याच्या माळ्यावर अशी मूठ असलेली पेटी सापडलीच, तर घाबरायचं कारण नाही. पेटीत स्वतःचा किरण नसतो. किरण असतो नळीत, आणि तोही उच्च दाबाची वीज जोडलेली असेपर्यंतच. काचेची नळी मात्र जपून हाताळावी. आत निर्वात असल्याने ती फुटली तर काचा उडतात. पडदा खरवडायचा मोह टाळावा.

हातात धरायची कल्पना पुढे पुन्हा वर आली. १९७८ मध्ये नासाचे लो यिन यांनी रात्री बघायच्या दुर्बिणीतलं तंत्र वापरून खिशात मावेल असा क्ष-किरण दर्शक केला, लिक्सिस्कोप. त्याला किरण इतके थोडे लागत की आयोडीनच्या किरणोत्सारी रूपाचा कण पुरायचा. आणि गेल्या काही वर्षांत नळीच हातात आली आहे. साडेतीन किलोच्या आसपास वजनाचं, बॅटरीवर चालणारं, मोठ्या कॅमेऱ्यासारखं यंत्र. देशभर ७ डिसेंबर २०२४ पासून चाललेल्या शंभर दिवसांच्या क्षयविरोधी मोहिमेत अशी यंत्रं गावोगाव फिरली. त्यामागे एक आकडा होता: २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय क्षय पाहणीत, छातीचा एक्स-रे काढला नसता तर ४२.६ टक्के रुग्ण सुटून गेले असते असं दिसलं. त्यांना खोकला, ताप असं सांगण्यासारखं काही नव्हतंच. मेळघाटासारख्या मुलखात, धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवरून रुग्णाला फोटोसाठी अमरावतीला आणण्यापेक्षा यंत्र पाड्यावर नेणं केव्हाही सोपं.

फोटो तपासायला मात्र तिथे रेडिऑलॉजिस्ट नसतो. ते काम आता संगणकाचा प्रोग्राम करतो. मुंबईच्या एका कंपनीचा असा प्रोग्राम अनेक देशांत वापरला जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. १८९६ मध्ये किरणांसमोर बसलेला डोळा आता किरणांजवळ नसतोच.

यंत्र धरणारा तंत्रज्ञ मात्र तिथे असतो, म्हणून त्याच्या छातीवर एक छोटा बिल्ला लावलेला असतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या या बिल्ल्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. तंत्रज्ञाच्या अंगावर पडलेला किरण या चकत्या साठवून ठेवतात. दर तीन महिन्यांनी बिल्ला प्रयोगशाळेत जातो, तिथे चकत्या तापवल्या की त्या चमकतात, आणि ती चमक मोजून माणसाच्या अंगात किती मात्रा गेली ते ठरतं. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. त्यापुढे गेल्यास मंडळ चौकशी लावतं.